पडद्यावर दिसलेली आई

काल मुलीच्या लॅपटॉपवर लिनक्स ही नवी सिस्टिम टाकली. वायफाय आपोआप लागलं, आणि मला माझा जुना लॅपटॉप आणि आईची ती दुपार आठवली.

तेव्हा आम्ही गोडादऱ्यात, यंत्रमागांच्या वस्तीत राहायचो. भिंतीपलीकडे लूम खडखडायचे, घरभर तेलाचा आणि खळीचा वास असायचा. मामा धुळ्याच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते. घरातला एकच फोन बाबा पलसाण्याच्या डाईंग मिलवर घेऊन गेले होते, म्हणून मामेभाऊ दुपारी माझ्या लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल करणार होता. शेजाऱ्यांनी कामावर जाताना वायफायचा पासवर्ड दिला. पण आदल्या दिवशी मी लॅपटॉपमध्ये नवं लिनक्स टाकलं होतं, आणि त्यात वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हरच नव्हता. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेटसाठी तोच ड्रायव्हर हवा.

निदान कॅमेरा तरी चालतो का, म्हणून मी तो उघडला. पडद्यावर शेजारी बसलेली आई दिसली. कॉल लागला असं वाटून तिने पदर सावरला आणि स्वतःच्याच चेहऱ्याकडे बघत विचारलं, "दादा, माले वळखस का?"

मी नुसत्या कमांड मारत राहिलो. ती बराच वेळ बोलली, मग माझ्याकडे वळली.

"दादा काहीच बोलत नही रे."

"तिकडचा आवाज येत नाही, माय."

संध्याकाळी बाबा फोन घेऊन आले, तोवर त्यावर मामा गेल्याचा निरोप आला होता. आई रडली नाही. बंद लॅपटॉपवर हात ठेवून तिने मला एवढंच विचारलं,

"पण त्यानी माले देखं ना?"