मशाल्याचे दोन पिच्चर

आमच्या यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वंदना झाली, भंतेजींचं बोलून झालं, आणि मग आमच्या मिलिंदने माईक हातात घेतला. मिलिंद माझा मुलगा. तो म्हणाला, "बाबांना किती मोठा आजार आहे, हे आम्ही त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही. ते आनंदात गेले." बाया रडल्या. माझी नणंद माझ्या बाजूला बसली होती. तिने माझा हात दाबला आणि म्हणाली, "लय नशीबवान वं वयनी, माहा भाऊ. काही न समजता गेला." मी पांढऱ्या पदराने तोंड पुसलं. लोकांना वाटलं, मी रडते आहे...

त्यांना सगळं समजलं होतं. मीच सांगितलं होतं.

मला चार माणसांत बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे. चौथीपर्यंत शिकले. पेपरच्या पुरवणीत मेलेल्या माणसांवर लिहून येतं, ते मी सगळं वाचते. त्यात सगळे मेलेले लोक चांगले असतात. आमचे हे चांगले नव्हते. वाईट होते असंही नाही. दारू नव्हती, हात उचलला नाही. पण तोंड असं होतं की माणूस त्यांच्यासमोरून उठून जाताना आधी स्वतःला चाचपून पाहायचा, काय काय सोललं गेलं ते.

लकडगंजात आरा मशीनवर त्यांचं आयुष्य गेलं. लाकूड कापायच्या त्या आवाजाने कान गेले होते, म्हणून बोलणं सगळं ओरडून. अंघोळ केली तरी केसांतून भुसा पडायचा. नाद एकच, कॉमिक्स आणि त्यावरचे पिच्चर. तोंडावर बुरखा, अंगाला घट्ट कपडे, एका हाताने बस उचलणारी माणसं, ती यांना आपल्या नात्यातली वाटायची. रद्दीवाल्याकडून जुनी कॉमिक्स वजनावर आणायचे. लग्न झालं तेव्हा मी एक हातात घेतलं तर म्हणाले, "चित्रं पाय नुसती. चौथी पासले चित्रं पुरतात." ते कामावर गेले की मी वाचायची. जोडाक्षरं अडखळत वाचायची, पण वाचायची. माझं वाचन शाळेने नाही, त्या रद्दीने टिकवलं.

पिच्चर मात्र ते आधी एकटे पाहून यायचे. मग मला न्यायचे आणि टॉकीजच्या रांगेतच शेवट सांगून टाकायचे. आत बसल्यावरही सोडायचे नाहीत. "आता हा मरते पाय. हा दोस्त नोहे, हाच दुश्मन आहे." कानांमुळे आवाज मोठा, चार रांगांना ऐकू जायचा. एकदा समोरची बाई वळून म्हणाली, "भाऊ, आमाले पाहू तर द्या." हे म्हणाले, "पाहा ना. कुठं डोळे झाकले तुमचे? नुसतं सांगून राहिलो." लोक चिडले की यांना बरं वाटायचं. मी खुर्चीत खाली खाली सरकायची.

माणसांनाही तसंच. शेजारच्या पोरीच्या लग्नात जेवता जेवता म्हणाले, हे टिकत नाही. टिकलं नाही, तर वर्षभर तेच ऐकवत राहिले. यांची आई गावाकडे, खाप्याच्या घरी आजारी पडली तेव्हा सगळे तिला धीर देत होते. हे गेले, खाटेवर बसले आणि सरळ म्हणाले, "माय, आता तू वाचत नाहीस. काही सांगायचं असन तं सांग." म्हातारीने भिंतीकडे तोंड फिरवलं. नणंद अंगावर धावून आली. हे म्हणाले, "खोटं बोलून मारू का तिले?" म्हातारीने पुन्हा तोंड इकडे केलं नाही. गेली ती भिंतीकडे पाहतच.

त्यांचा सगळ्यात लाडका हिरो कॉमिक्समधलाच. त्याचं इंग्रजी नाव माझ्या जिभेवर बसत नाही. हे त्याला मशाल्या म्हणायचे. भट्टीत काम करणारा साधा माणूस, एका अपघातात त्याच्या अंगात आग शिरते. हाताने आगीचे गोळे फेकतो, लोकांना वाचवतो. पण प्रत्येक वेळी आग बाहेर काढली की आतून तोच जळत जातो, त्याचं आयुष्य कमी होतं. या एकाच कॉमिक्सवर दोन पिच्चर निघाले. पहिला निघाला तेव्हा मिलिंद शाळेत होता, टॉकीजच्या बाल्कनीत बसून पाहिला. दुसरा अलीकडचा, मॉलमधला. मिलिंदने मोबाईलवर तिकिटं काढून दिली, स्वतः आला नाही.

गोष्ट तीच, पण पहिल्यात मशाल्याला माहीतच नाही की आपण जळून मरणार. त्याच्या डॉक्टर दोस्ताला माहीत आहे, बायकोला माहीत आहे, गावाला माहीत आहे. सगळे त्याच्याशी गोड बोलतात, आणि संकट आलं की त्यालाच हाक मारतात. शेवटी तो भर चौकात हसत हसत विझतो. दुसऱ्यात सुरुवातीलाच त्याची बायको त्याला सांगून टाकते. मग तो प्रत्येक वेळी हात वर करताना थांबतो, समोरच्याकडे पाहतो, हा माणूस माझ्या एवढ्या आयुष्याच्या लायकीचा आहे का असं पाहतो, आणि मग आग काढतो. एकदा तर काढतच नाही. एका माणसाला मरू देतो.

हा दुसरा पिच्चर यांनी पहिल्यांदाच माझ्यासोबत पाहिला, मॉलमध्ये एकटं जायला बिचकायचे म्हणून. त्यामुळे मी तो शेवट माहीत नसताना पाहिला. परत येताना स्कूटरवर ते शिव्या देत होते. "पहिलाच पिच्चर खरा. ह्याच्यात सुरुवातीलेच सांगून टाकलं, मंग पाहायचं काय?"

मी मागून म्हणाले, "मले हाच आवडला."

त्यांना ऐकू आलं नाही. मला ते पुन्हा, ओरडून म्हणावं लागलं. त्यांनी स्कूटर बाजूला घेतली. "काहून?"

"पहिल्यातला येडा वाटते. सगळ्याइले माहीत, त्यालेच माहीत नाही. ह्याले माहीत होतं, तरी करत होता."

"माहीत असून करणं म्हणजे रडत रडत करणं. पहिला कसा हसत गेला!"

"हसत गेला कारण सगळ्याइनं फसवलं त्याले. आन् तुमी तं जगाले आधीच सांगत फिरता शेवट. पिच्चरनं सांगितला तं राग येते?"

एवढं लांब मी लग्नानंतर कधी बोलले नव्हते. त्यांनी स्कूटरला किक मारली. मग हसले आणि पुढचे कित्येक महिने येईल त्याला सांगत राहिले, "आमच्या घरी चौथी पास पिच्चरवाली आहे. विचारा तिले, कोणता चांगला." पाहुणे मला विचारायचे आणि हसायचे. मी चहा ठेवून आत जायची. पण मत बदललं नाही.

मग पोट दुखायला लागलं, डोळे पिवळे झाले. धंतोलीच्या दवाखान्यात भरती केलं. डॉक्टरांनी मिलिंदला आणि आमच्या मुलीला, सुजाताला, बाहेर बोलावून सांगितलं, मी मागे उभी होते. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मिलिंद जिन्यात मला म्हणाला, "आई, बाबाले काही सांगू नोको. त्याइले गाठ आहे म्हणून सांगू, औषधाने विरघळते म्हणून." सुजाताही तेच म्हणाली. मग सगळं घर गोड झालं. ज्या मिलिंदने बापाशी वर्षानुवर्षं कामापुरतं बोलणं ठेवलं होतं, तो पाय चेपायला बसला. नणंद घरून वरणाचा डबा आणू लागली. जावयाने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

हे येडे नव्हते. एका दुपारी मिलिंद जेवायला खाली गेला तेव्हा म्हणाले, "सगळे पहिल्या पिच्चरवानी बोलून राहिले. काहून वं? तू सांग. तुले खोटं जमत नाही."

मला म्हातारीचं भिंतीकडे फिरलेलं तोंड आठवत होतं. वाटलं, गप्प राहावं, पोरांनी सांगितलंच आहे. पण गप्प राहिले असते तर मीही त्या गोड बोलणाऱ्यांत गेले असते, आणि हे सगळ्यांमध्ये एकटे येडे ठरले असते. मी हळूच सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही.

"काय?"

मग मला ते मोठ्याने सांगावं लागलं. जन्मात कधी आवाज न चढवलेल्या बाईला भरल्या वॉर्डात ओरडून सांगावं लागलं, की तुम्ही आता वाचत नाही. बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सून आमच्याकडे पाहत राहिली, मग तिने मधला पडदा ओढून घेतला.

ते पंख्याकडे पाहतच म्हणाले, "मिलिंदले माहीत आहे?"

"हो."

"सुजाताले?"

"हो. सगळ्याइले."

"म्हणजे मीच उरलो होतो." मग म्हणाले, "मले समजलं म्हणून कोणाले सांगू नोको."

मला वाटलं, पोरांना त्रास नको म्हणून. तसं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सुरू केलं. मिलिंद पाय चेपत होता, त्याला म्हणाले, "बरा झालो की मले काश्मीर दाखवशील का गा?" मिलिंद म्हणाला, दाखवीन बाबा. "माह्या गळ्याची शपथ घे." मिलिंदने गळ्याला हात लावून शपथ घेतली, बाहेर गेला आणि गॅलरीत भिंतीला डोकं टेकून रडला. काचेतून दिसत होतं. हे मला म्हणाले, "पाय, कशी खोटी शपथ घेतली. माह्या गळ्याची!" सुजाताला यांनी स्वेटर विणायला सांगितला, येत्या थंडीसाठी. ती बिचारी खाटेशी बसून विणायची. हे बाही हातावर लावून पाहायचे आणि म्हणायचे, "थोडी ढिली ठेव. अंग भरणार आहे ना माहं आता." हाताची तर काडी झाली होती. सुजाता मान खाली घालून टाके सोडायची आणि पुन्हा घालायची. नणंदेकडून तर त्यांनी पुढच्या वर्षीच्या लोणच्याचं कबूल करून घेतलं, कैरी कोणत्या झाडाची तेही.

मी म्हणाले, "काहून छळता पोराइले?"

"मी कुठं छळून राहिलो? थेच खोटं बोलून राहिले. मी नुसता पाहून राहिलो. शेवट माहीत असला की अ‍ॅक्टिंग बरोबर दिसते."

पोरं बापावर प्रेम करत होती की नाही, मला सांगता येणार नाही. पण त्या दिवसांत ती त्याला घाबरत मात्र नव्हती, पहिल्यांदाच. आणि त्याने तेही दिवस त्यांना सुखाने जगू दिले नाहीत.

दवाखान्यातून घरी आणलं. आता माझी पाळी होती. ते झोपतच नव्हते. गोळी दिली तरी डोळे टक्क उघडे. सकाळपासूनच्या कामाने दुपारी माझा डोळा लागला की ते बोटाने माझा दंड टोचायचे. "झोपून राहिली? तूच सांगितलं ना? मंग जाग आता." मी उठून बसायची. लोक आले की त्यांच्यासमोर हसायचे, गप्पा मारायचे, थंडीच्या, काश्मीरच्या. लोक गेले की मला विचारायचे, "आज डॉक्टर फोनवर काय म्हणे?" मिलिंदला विचारायचे नाहीत. सुजाताला नाही. मलाच. आणि मी जे असेल ते सांगायची, मोठ्याने, दार लावून. एकदाही त्यांनी म्हटलं नाही, की बरं केलं सांगितलंस. मी वाट पाहत होते, हे लिहायला हरकत नाही. मला ते एकदा ऐकायचं होतं.

शेवटी मीच विचारलं. बोलणं जड झालं होतं त्यांचं, पण डोकं साफ होतं. मी कानाशी वाकून म्हणाले, "आता सांगा. कोणता पिच्चर चांगला?"

त्यांनी लगेच सांगितलं, जणू विचार आधीच करून ठेवला होता.

"पहिला."

"अजूनही?"

"त्याच्यात त्याले झोप येत होती." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आन् तुह्या पिच्चरातून मले आता त्याच्यात परत जाता येत नाही."

त्यानंतर ते माझ्याशी नीट असं काही बोलले नाहीत. मिलिंद आला तेव्हा मात्र त्याच्याकडे पाहून हसले. तेच हसणं मिलिंदने माईकवर सगळ्यांना सांगितलं.

त्यांची खाट अजून तिथेच आहे, गादी काढून टाकली आहे. दुपारी माझा डोळा लागतो न लागतो तोच दंडाला बोट टोचल्यासारखं होतं आणि मी उठून बसते. पाठीला उशी लावून त्या लोखंडी पट्ट्यांकडे पाहत बसते. कधी राग येतो. मग घरात कोणी नसलं की मी मोठ्याने सांगते, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने... दुसराच. दुसराच चांगला होता. आणि पुन्हा आडवी होते. झोप मलाही येत नाही.