राजाला उचललं म्हणून

माझी ताई न्यामाहुंगे काल गेली. राजवाड्यातून निरोप आलाय, कारभारी मातीला येणार, चार शब्द बोलणार. कोणत्या तोंडानं बोलतो ते बघतेच.

लांबच्या नातेवाइकांना माहीत नसेल म्हणून सांगते. थोरला राजा वारला तेव्हा पोरगं जेमतेम बोलायला लागलेलं. गादी त्याची, कारभार काकाच्या हातात, तोच हा कारभारी. पोराला सांभाळायची ताई. तिच्या पाठीवरच झोपायचं ते. नाचणीचा उंडा तिनंच भरवायचा, दुसऱ्या कुणी भरवला की थुंकून टाकायचं.

त्या दिवशी दरबार होता. तळ्याकाठची चराई कारभाऱ्याला आपल्या मेव्हण्याला द्यायची होती. आपल्याकडं राजा बसलाय तोवर दरबार. राजा उठला की नगारा वाजतो, दरबार मोडतो, अर्धं राहिलेलं बोलणं वाया. कारभारी बोलतोय, बोलतोय, आणि राजा मांड्या आवळून बसलाय. ताईनं बघितलं, गुडघ्यावर सरकत गेली, उचललं न् केळीत नेलं मुतायला. नगारेवाल्यानं राजा उठलेला बघितला आणि हाणला नगारा. सगळे निघाले.

कारभारी म्हणाला, "बाई, तुला कुणी शिकवलं हे?"

ताई म्हणाली, "शिकवायचं काय त्यात, मालक. मुताला कारभारी नसतो."

लोक हसले. तेच बाधलं. संध्याकाळी ताईचं बोचकं फाटकाबाहेर. पुढच्या दरबारात चराई मेव्हण्याला दिलीच.

मग ताई दर बाजाराला फाटकाशी जायची. "आत नको, लांबनं बघते." पहारेकरी म्हणायचा, "मावशी, राजा तुला विसरला, जा घरी." खोटं. आपला बागुमा तिथंच गुरं राखतो, तो सांगायचा पोर तिच्या नावानं रडतं म्हणून.

ताईनं अंथरूण धरलं तेव्हा मी गेले, कारभाऱ्यापुढं गुडघे टेकले. म्हटलं, एकदा पोर दाखवा तिला. तर म्हणतो, "राजानं आजारी माणूस बघायचा नसतो. रीत आहे." चराई ढापताना कुठं गेलती रीत? ताई दाराकडं बघत बघत गेली.

आता मढं तर राजानं बघायचंच नाही, म्हणजे पोर येणार नाही. आणि हा येणार.

म्हणून सगळ्यांना आधीच सांगते. त्याला चटई कुणी टाकायची नाही. मढ्याला गुंडाळायला झाडाच्या सालीचं कापड आणलं तर तसंच परत द्या. ताईला मी आईच्या कापडात गुंडाळलंय.