बंद प्लेअरमधली गुणगुण

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी ओरोसच्या ऑफिसात रजा टाकून आचऱ्याला घरी आले. डॉक्टरांनी टीव्ही आणि मोबाइल काही दिवस लांब ठेवायला सांगितलं होतं. आई काळा चष्मा लावून माजघरात पडून असायची आणि कंटाळायची. एका सकाळी तिने गावातल्या भजनी मंडळाची सीडी लावायला सांगितली. त्यात तिचा भाऊ, म्हणजे माझा मामा, पेटीवर होता. आता त्याच्या बोटांना कंप सुटलाय, पेटीला तो हात लावत नाही.

सीडी लगेच सापडली. प्लेअर बाबांनी जहाजावर असताना कुठल्याशा बंदरातून आणलेला. त्यात तीन सीडी एकदम मावतात. आतली थाळी फिरते आणि हवी ती सीडी पुढे आणते. कित्येक वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. मी बटण दाबलं. थाळी आत गेली, फिरली, फिरतच राहिली, आणि प्लेअरच्या छोट्या पडद्यावर सीडी नसल्याची अक्षरं उमटली.

बाबांची सगळी नोकरी इंजिनरूममध्ये गेली. बंद पडलेलं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. त्यांनी आधी सीडी मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसली. तरी तेच. मग प्लग काढून वरचं झाकण उघडलं आणि कापसाच्या काडीने लेन्स साफ केली. खाऱ्या हवेने तिच्यावर पापुद्रा धरला होता, तेव्हा आम्हाला वाटलं, सापडलं. पण थाळी पुन्हा तशीच गरगरत राहिली.

मला मात्र त्या फिरण्यातच काहीतरी खटकत होतं. लेन्सचा दोष असता तर थाळी एका जागी थांबली असती, सीडी वाचायचा प्रयत्न झाला असता. ही थांबतच नव्हती. म्हणजे सीडी वाचणं राहिलं बाजूला, आपण कुठे आहोत हेच तिला कळत नसावं. मी बाबांना तसं म्हटलं. झाकणाचे स्क्रू मग त्यांनी पुरते आवळले नाहीत. प्लग काढून ठेवला आणि आम्ही जेवायला बसलो.

जेवण झाल्यावर आईने माजघरातून विचारलं, "तुमची मशीन बंद आसा मां? मगे आत कोण गुणगुणता?"

बाबा म्हणाले, तुझ्या कानात गुणगुणतंय. पण इंजिनांच्या घरघरीत त्यांचेच कान अधू झालेत, म्हणून मी जवळ जाऊन प्लेअरला कान लावला. खरंच आवाज येत होता. बारीक, तिखट, थांबून थांबून येणारा. प्लग तर टेबलावर पडला होता. 

झाकण उचललं तशी लांब पायांची, बारीक कमरेची एक माशी बाहेर आली, आमच्या डोक्यावरून गेली आणि खिडकीबाहेर दिसेनाशी झाली. कुंभारीण! दाराच्या चौकटीला, भिंतीच्या कोपऱ्यात मातीची घरं बांधते ती. बाबांनी मधला स्क्रू काढून थाळी अलगद उचलली. खाली मातीच्या कोठ्या होत्या, काही वाळलेल्या, आणि त्यांना चिकटून एक ताजी, अजून ओली. थाळीच्या तळाला खाचा असतात आणि खाली एक बारीक डोळा, म्हणजे सेन्सर, त्या खाचा बघून थाळी कुठे आली ते ओळखतो. तो डोळा मातीखाली गेला होता.

आईला मी हे सगळं सांगितलं. ती उठून बसली. माती चेपताना कुंभारीण अशीच गुणगुणते, ती म्हणाली. लहानपणी गोठ्यात तिने कितीदा ऐकलं होतं. बाबांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलल्याचा आवाज तिने ओळखला असावा.

"ता तिचा घर आसा, फोडू नकात," ती म्हणाली.

बाबांनी जुन्या पट्टीने कोठ्या जपून सोडवल्या. तरी एकीचा कोपरा तुटलाच. आत पिल्लाच्या खाण्यासाठी साठवलेले निपचित कोळी दाटून भरलेले आणि त्यांच्यात एक पांढुरकी अळी. आम्ही दोघं कितीतरी वेळ वाकून बघत राहिलो. प्लेअरची आठवणही राहिली नाही. शेवटी आईनेच विचारलं, भजन कधी लावताय म्हणून.

कोठ्या पडवीच्या वाशावर ठेवल्या. प्लेअरचा तो डोळा पुसला, थाळी बसवली, प्लग लावला. थाळी फिरली, अडखळली आणि थांबली. आधी टाळ, मग मामाची पेटी. आईची बोटं चादरीवर ठेका धरू लागली. मी मामाला फोन लावला आणि नुसताच प्लेअरजवळ धरला. पलीकडून तो म्हणाला, "ह्यो सूर माझो न्हय, वरचो स्वर चुकलो आसा." आई हसायला लागली. मामाचाच होता तो, तिने शपथेवर सांगितलं.

कुंभारीण जिथून आत शिरायची त्या प्लेअरच्या मागच्या भोकांवर बाबांनी मच्छरदाणीची जाळी चिकटवली. दुसऱ्या दिवशी दुपारी कुंभारीण तोंडात ओल्या मातीची गोळी घेऊन आली. जाळीवर चढली, उतरली, कडेने फिरली, पुन्हा पुन्हा तिथेच येत राहिली. मग बाजूच्या शिलाई मशीनकडे वळली आणि तिच्या चाकामागे शिरली. बाबा खुर्ची ओढून तिकडे तोंड करून तिचं बांधकाम बघत बसले.