चूलबंद आवतन, मुक्काम बाली

परमेश्वराने माझ्या थोरल्या मेव्हण्यांना अंजनगाव सुर्जीला पानमळा दिला, खणखणीत आवाज दिला, साठी उलटल्यावरही सुपारी फोडणारे दात दिले. फक्त पाहुणा होण्याची अक्कल दिली नाही. लग्न कोणाचंही असो, हा गृहस्थ मांडवात शिरला की बाह्या वर आणि हातात वरणाची बादली. एकदा अकोल्याला एका लग्नात ते आमच्या आधी पोहोचले. आम्ही गेलो तर त्यांचा पत्ता नाही. शोधता शोधता शेजारच्या मंगल कार्यालयात सापडले. तिथे परक्यांची अख्खी पंगत वाढून झाली होती, आचाऱ्याला झापून झालं होतं आणि नवरदेवाच्या रुसलेल्या काकांची समजूतही काढून झाली होती. वरपक्षाला ते वधूपक्षाचे वाटले आणि वधूपक्षाला वरपक्षाचे. चूक कळल्यावर त्या भल्या लोकांनी त्यांना टोपी-दुपट्टा देऊन निरोप दिला. माझ्या लग्नात सासऱ्यांनी मला दिलेल्या दुपट्ट्यापेक्षा तो भारी होता, हे मी अजून विसरलेलो नाही.

पण त्यांचा खरा प्रांत आवतनाचा. घरात लग्न निघालं की मामा (आमच्या मुलीमुळे सगळे त्यांना मामाच म्हणतात) हळदीच्या अक्षता आणि सुपाऱ्या घेऊन पायी निघणार, दारोदार जाणार आणि चूलबंद आवतन देणार. म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून रांगत्या पोरापर्यंत सगळ्यांनी आपल्याकडे जेवायचं. छापील पत्रिकेवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "पत्रिका भितीले टांगतेत जवाईबापू," ते मला सांगत, "मानसाले मानसानंच बलावा लागते." एकाच घरी ते दोन दोनदा आवतन देऊन येत. कारण विचारलं तर म्हणत, "सकाळी म्हातारी घरी नव्हती ना."

मधली काही वर्षं आमच्या भागात फार ओढगस्तीची गेली. पाऊस दगा देई, कापूस घरात आला की भाव पडे. लोक लग्नं चोरीसारखी उरकू लागले. देवळात दहा माणसं, पेढा हातावर, की झालं. मामांच्या गल्लीतल्या एका घराने असंच ठरवलं तेव्हा हे घरच्यांना न विचारता सगळ्या गल्लीला आवतन देऊन आले, वर प्रत्येकाला सांगून आले की येताना आपापली कणीक आणा. नवरीचा बाप आधी चिडला, मग रडला, मग पंगतीत सगळ्यात जास्त रोडगे त्यानेच खाल्ले. मामांचं म्हणणं साधं होतं, "वाईट सालात मानसं जास्त लागते, कमी नाही."

अशा माणसाच्या एकुलत्या एक भाचीने, म्हणजे आमच्या मुलीने, लग्न बालीला करायचं ठरवलं. दोन्हीकडची मिळून मोजकी माणसं, समुद्रकाठचं हॉटेल, सगळं आटोपशीर. व्याही पुण्याचे. अतिशय सज्जन, पण 'कृपया' म्हटल्याशिवाय पाणीसुद्धा न मागणारे. आपल्या भावाने तिथे काही भलतंच केलं तर मुलीची सासरी शोभा होईल, या धास्तीने आमच्या सौभाग्यवतीची झोप उडाली. शेवटी तिने अंजनगावला फोन लावला.

"भाऊ, यावेळी तू फक्त पाहुना म्हणून ये. कोनाले आवतन देऊ नोको, कोनाले वाढू नोको."

 पलीकडून आवाज आला, "बरं बाई. पन मंग मी तिथं करू काय?"

तिने फोन ठेवला आणि पदराने डोळे पुसले. पण हुकूम मागे घेतला नाही.

मामा आले. विमानात खिडकी मिळाली तरी बाहेर बघेनात. हवाईसुंदरी जेवणाची गाडी ढकलत आली तशी त्यांची चुळबुळ सुरू झाली आणि ती चार रांगा पुढे जाते न जाते तोच हे तिच्यामागे उभे. "एकटी पोट्टी किती जनाइले वाढन?" त्यांनी मला खडसावून विचारलं, जणू मी आरामात बसून त्या पोरीचे हाल बघत होतो. त्यांना परत आणून पट्टा बांधला. बालीला उतरल्यावर विमानतळावर त्यांची पानांची करंडी काढून घेतली गेली, कारण परदेशात पाला नेता येत नाही. मळ्यातली कोवळी पानं, ओल्या फडक्यात जपून आणलेली.  दिलेल्या शब्दाप्रमाणे मामा हॉटेलात हात मांडीवर ठेवून बसून राहिले. बैलाला पोळ्याच्या दिवशीच दावणीला विसरावं तसे दिसत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

लग्नाच्या आदल्या दिवशी ते फिरायला म्हणून हॉटेलच्या मागच्या कोळ्यांच्या वस्तीत गेले. परत आले ते तोंड लाल करून आणि खुशीत. एका घराच्या भिंतीवर पानवेल होता, ओट्यावर एक आजीबाई पान खात बसल्या होत्या. त्यांनी मामांना पान दिलं, मामांनी त्यांना सुपारी. इथपर्यंत ठीक होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या, आणि हॉटेलच्या हिरवळीवर एक मिरवणूक शिरली. पुढे त्या आजीबाई, मागे डोक्याला रुमाल बांधलेले पुरुष, नटलेल्या बायका, कडेवर पोरं, हातांत फुलांच्या आणि केळ्यांच्या टोपल्या. व्याह्यांकडच्या मंडळींनी उठून टाळ्या वाजवल्या. विहीणबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "किती छान ठेवलंय हो तुम्ही! यांचं नृत्य जेवणाआधी आहे की नंतर?"

सौभाग्यवतीने एकाच माणसाकडे पाहिलं. "भाऊ, तू आवतन देल्लं?"

"म्या कोनाले आवतन नाही देल्लं," मामा म्हणाले. "म्या फक्त सांगतलं का आमच्या घरी लगन हाय, उद्या चुली बंद ठेवजा."

"कोन्या भाषेत सांगतलं?"

"आपल्याच. जेवाले चला म्हनाले भाषा कायले लागते?"

हॉटेलचा व्यवस्थापक घाम पुसत धावत आला. माझी तर पाचावर धारण बसली होती. तेवढ्यात आमची मुलगी मुंडावळ्यांसकट उठली, आजीबाईंच्या पाया पडली आणि मामांना म्हणाली, "मामा, पंगत बसवा." मग काय! बुफे मोडला. हिरवळीवर चादरी अंथरल्या गेल्या. एका ओळीत बालीची माणसं, समोर पुण्याची, आणि मधून बाह्या सरसावलेले मामा, "सावकाश होऊ द्या, लाजू नोका," असं प्रत्येकाला सांगत. बालीच्या मंडळींना त्यांचं म्हणणं बरोबर कळत होतं. पुणेकरांना थोडा वेळ लागला. व्याही मांडी घालून दुसऱ्यांदा भात मागत होते आणि 'कृपया' म्हणायचं विसरले होते.

जेवणं झाली, वस्तीवरची माणसं आशीर्वाद देऊन गेली, आणि दुपारी सगळे पेंगुळले. मुलगी-जावई तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीकडे निघाले. गाडी नाही, स्टेशन नाही, सासरचं गाव नाही; सगळे एकाच छपराखाली, त्यामुळे पाठवणी कार्यक्रमातच नव्हती. मामा एका खांबाशी नुसते उभे होते. मला वाटलं होतं सौभाग्यवती आता त्यांना चांगलंच फैलावर घेणार. ती त्यांच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, पोरीची पाठवनी राहिली ना. मामानं नाही कराची तं कोनं कराची?"

मामांनी भाचीचा हात धरला आणि तिला लिफ्टपर्यंत नेलं, अगदी सावकाश, वेशीपर्यंत नेतात तसं. तिचा हात जावयाच्या हातात दिला. "सांभाळजा बाप्पा," एवढंच म्हणाले आणि दोन्ही हात जोडले. लिफ्टचं दार बंद झालं तसे ते लहान मुलासारखे रडायला लागले, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून त्यांची बहीणही. दारावरचा आकडा तीनवर जाऊन थांबला.

"लय दूर गेली गं पोट्टी," मामा म्हणाले.

एरवी मी हसलो असतो. पण सकाळपासून मंगलाष्टकं झाली, फोटो झाले, जेवणं झाली, आणि आपली मुलगी आता आपल्या घरची राहिली नाही हे मला त्या बंद दारासमोर पहिल्यांदा कळलं.