हंड्याचा लेप

पांढऱ्या पुडीपासून जीव कसा वाचवायचा हे ज्या साहेबाने आम्हाला शिकवलं, त्याचं तोंड मला आजही बघवणार नाही. आणि त्याच्या शेजारी मान खाली घालून बसलेल्या आमच्या खात्याच्या मेस्त्रीचं तर मुळीच नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बेंगळुरूतल्या एका कारखान्याच्या देखभाल खात्यात होतो. गळकी छपरं, तुंबलेली गटारं, वाफेचे पाइप, सगळं आमच्या गळ्यात. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, त्याच खात्यात होते. अॅस्बेस्टॉसची पूड पाण्यात कालवायची आणि गरम पाइपांवर लिंपायची, हे त्यांचं काम. शेवटी दम लागून गेले. कारखान्याच्या डॉक्टरने बिडीवर खापर फोडलं. अण्णांनी जन्मात बिडी ओढली नव्हती. मग त्यांच्या जागी मला घेतलं, आणि आम्ही उपकार मानावेत अशी सगळ्यांची अपेक्षा होती.

दिवाळीनंतर परदेशी पाहुणे कारखाना बघायला येणार होते, म्हणून साहेबांना आमच्या फुप्फुसांची आठवण झाली. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्हाला एका शेडमध्ये बसवलं. डोक्यावर अॅस्बेस्टॉसचेच पत्रे, कडा झिजून भुसभुशीत झालेल्या. साहेब इंग्रजीत दहा वाक्यं बोलायचा, मेस्त्री कानडीत एकच सांगायचा. जुना लेप कोरडा खरवडू नका, आधी भिजवा. झाडूने झाडू नका. मास्क लावा. कामाचे कपडे घरी नेऊ नका. ही पूड छातीत गेली की बाहेर येत नाही, आणि दुखणं कित्येक वर्षांनी वर येतं.

कोरडा खरवडू नका म्हटल्यावर मला घरचा हंडा आठवला.

आमच्या बसवनगुडीच्या घरात न्हाणीत चुलीवर तांब्याचा मोठा हंडा बसवलेला होता. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी तो घासून, हळदकुंकू लावून, पाण्याने भरून ठेवायचा, ही इकडची रीत. आमच्या मराठी घरांनी ती पिढ्यान् पिढ्या पाळली. हंड्याच्या गळ्याभोवती धूर निघू नये, पाणी सकाळपर्यंत गरम राहावं, म्हणून गेल्या दिवाळीपर्यंत अण्णा कारखान्याच्या पुडीचा लेप लावायचे. दरवर्षी जुना लेप खरवडायची आई. आणि तो दिवस आजचाच होता.

मी उठून विचारलं, "साहेब, ही पूड घरी वापरली असेल तर काय करायचं?"

मेस्त्रीने भाषांतर करायचं टाळलं. मीच मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. साहेबाचा चेहरा बदलला. "कंपनीचा माल घरी नेणं ही चोरी आहे. तुझं नाव सांग."

शेडमध्ये बसलेल्या एकूणएक माणसाच्या घरचा हंडा त्याच पुडीने लिंपलेला होता. आणि ती पूड दिवाळीच्या मिठाईबरोबर कागदात बांधून वाटायचा कोण? हा मेस्त्री. "हंड्याला लावा, पाणी गरम राहतं," असं प्रेमाने सांगून. आता मात्र तो आपल्या बुटांकडे बघत होता.

"मेस्त्री, तुम्ही सांगा ना," मी म्हणालो.

"सरी, सरी, बरं बरं, बस खाली," तो म्हणाला. "सणासुदीचं भांडण नको."

मी घरी जायची परवानगी मागितली. पाहुण्यांना दाखवायचा मास्कमधला फोटो झाल्याशिवाय कोणी हलायचं नाही, म्हणाले. फोटोवाला जेवायला गेला होता. आम्ही नवे कोरे मास्क लावून बैलांसारखे रांगेत उभे राहिलो. माझं रक्त नुसतं उकळत होतं. फोटो झाला आणि मास्क परत गोळा करायला लागले, पाहुण्यांसाठी. मी माझा शर्टात घातला. चोर म्हणालात ना, मग घ्या.

बस मिळेना. रिक्षावाल्याशी हुज्जत घातली, मार्केटच्या गर्दीत अडकलो, झेंडूच्या ढिगांना आणि ते विकणाऱ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. घरात शिरलो तो थेट न्हाणीकडे.

आई पदर नाकाला लावून झाडत होती. खरवडायचं उलथनं चुलीपाशी ठेवलेलं. झरोक्यातून आलेल्या उन्हात पांढरी धूळ तरंगत होती, तिच्या केसांवर, पापण्यांवर बसली होती. हंडा मात्र लखलखत होता.

"झाडू टाक!" मी ओरडलो. "बाहेर हो आधी!"

"अंगावर काय येतोस? सणाचा दिवस आहे," ती तितक्याच जोरात म्हणाली, आणि खोकली. ती पावसाळ्यापासूनच खोकत होती, आणि आम्ही चुलीच्या धुराला दोष देत होतो.

मी तिला दंडाला धरून ओढत अंगणात आणलं. शर्टातून मास्क काढून तिच्यापुढे धरला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

"हे काय आणलंस? पूड कुठे आहे?"

"या वर्षी नाही मिळाली."

आई पायरीवर टेकली, श्वास जागेवर येईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "मेस्त्री बदलला म्हणायचा. अण्णा होते तेव्हा न विसरता द्यायचा बिचारा."