डावा एक्सल की उजवा?

१४ मे. सकाळी नऊलाच ऊन कडक. वारा पडलेला, आभाळात ढगाचा ठिपका नाही.

रोज एवढंच लिहायचं, असं ठरवून मी दरवर्षी डायरी आणतो. पण माझं स्पेअर पार्टचं दुकान विट्यात सर्जेराव भाऊंच्या गॅरेजला चिकटून आहे. हवामान दोन ओळींत संपतं आणि उरलेलं पान भाऊच भरून टाकतात. अशा चार वह्या झाल्या!

भाऊ फौजेतून निवृत्त झालेले मिस्त्री. हातखंडा एक्सलच्या कामात, म्हणजे गिअरबॉक्सपासून पुढच्या चाकापर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याच्या. डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन्ही टोकांना ग्रीस भरलेला जॉइंट, त्यावर रबरी बूट. बूट फाटला की धूळ आत जाते, जॉइंट झिजतो आणि वळणावर कटकट सुरू होते. कुठल्या बाजूचा गेला, हे भाऊ गाडी अंगणात एकदा गोल फिरवून सांगायचे. नुसतं कानावर!

पण डावा कान तोफांनी फौजेतच नेला होता, आणि गेल्या दिवाळीपासून उजवाही विझायला लागला. वहिनी म्हणाल्या, "आता बास करा. पोराकडं पुण्याला जाऊ."

भाऊंनी अट घातली, "ज्या दिवशी माजी बाजू चुकंल, त्या दिवशी शटर खाली. पुन्हा उघडायचं न्हाई."

तेव्हापासून गाडी अंगणात शिरली की मी गिऱ्हाईक सोडून दारात येतो.

*

कोइमतूरला गलाईचं दुकान असलेले एक पाहुणे जत्रेला गावी आले होते. परतीचा प्रवास हजार किलोमीटरच्या वरचा. भाऊ म्हणाले, "डावा गेलाय." पाहुण्यांना पटेना. "गड्या, आवाज तर उजवीकडनं येतोय!"

भाऊंनी वाद घातला नाही. दोन्ही बूट सोडले आणि दोन्हीकडचं बोटभर ग्रीस पाहुण्यांच्या तळहातावर ठेवलं. उभा जन्म सोनं गाळण्यात गेलेला माणूस! त्यांनी ते चिमटीत चोळलं आणि उन्हात तिरकं धरलं. उजवीकडचं काळं, मऊ. डावीकडच्यात बारीक चमक.

"पोलाद उतरलंय ह्यात," पाहुणे हळूच म्हणाले. "डावाच."

मी म्हटलं, "नजर आहे बुवा तुमची!"

"सोनं असतं तर सांगितलंच नसतं!"

*

एकदा मी स्वतःच घोळ केला. कुंडलच्या गाडीसाठी डावा एक्सल मागवला होता. खोकं आलं, त्यावर 'डावा' छापलेलं. मी तसंच नेऊन भाऊंच्या हातात दिलं. त्यांनी ते उघडलं नाही. नुसतं दोन्ही हातांवर तोललं आणि परत दिलं.

"उजवा हाय. बदलून आणा."

मी खोकं फोडलं. उजवा होता; तो डाव्यापेक्षा लांब, म्हणून जड. छापणाऱ्याचीच चूक!

*

आटपाडीकडचे एक मेंढपाळ म्हातारबा जावयाच्या गाडीतून आले होते. भाऊंनी 'उजवा' सांगितलं, ऑइल काढलं, पण एक्सल काही गिअरबॉक्स सोडेना. टॉमीची पहार लावून भाऊ आणि जावई दोघंही लटकले. तासभर! एक्सल बाहेर आल्याशिवाय भाऊ बरोबर की चूक, हे कळणार कसं? वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

म्हातारबा गाडीखाली वाकले. "आवं मिस्त्री, ह्यो तर मेंढीच्या खुब्यावानी बसलाय. नुसता वडून न्हाई यायचा. जरा फिरवा, मग हिसका द्या."

त्यांनीच दांडा धरला. पाव फेरा फिरवला, एक हिसका दिला आणि एक्सल हातात! चाकाकडच्या जॉइंटमधल्या सहा गोळ्यांपैकी चार खाल्लेल्या. वहिनी आत निघून गेल्या.

भाऊ म्हणाले, "म्हातारबा, उद्यापास्नं कामावर या."

"आन् माजी मेंढरं तुमी वळणार व्हय?"

*

आणि आजचं. शिरवळच्या कारखान्यातले एक तरुण इंजिनिअर आले. पिकअप घेताना गाडी थरथरते. उजवा एक्सल नवा टाकला, तरी थरथर तशीच. त्यांनी मोबाईल डॅशबोर्डवर ठेवून थरथर मोजणाऱ्या ॲपचा आलेख दाखवला. "बघा काका, अजून उजवीकडेच दाखवतंय. नवा पार्टच खराब असणार."

भाऊ आलेखाकडे बघत राहिले. वहिनींनी मला बाजूला घेतलं. "परवापास्नं त्यास्नी कायसुदिक ऐकू येत न्हाई. कुणाला सांगू नगा म्हणालेत."

मी दुकान सोडून अंगणातच थांबलो.

भाऊंनी चपला काढून बाहेर ठेवल्या, अनवाणी शेजारच्या सीटवर बसले, दोन्ही तळवे पायाखालच्या पत्र्यावर दाबले आणि हातानेच 'चला' म्हणून खूण केली. गाडी कुंडल रस्त्याला गेली आणि दहा मिनिटांनी परत आली.

"डावा," भाऊ उतरता उतरता म्हणाले. "आतला जॉइंट, गिअरबॉक्सकडचा. तीनातला एक रोलर गेलाय."

"काका, एवढं न उघडता कसं सांगता?"

भाऊ चपला घालत होते. इंजिनिअरनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं.

वहिनी म्हणाल्या, "आवं, त्यास्नी ऐकू येत न्हाई."

"अजिबात? मग कळलं कसं?"

"आदी उघडा की," वहिनी म्हणाल्या.

बारा वाजून पंचवीस मिनिटांनी जॉइंट उघडला. डावा, आतला. तीन रोलर. दोन गुळगुळीत, एक तडकलेला.