मालिकेतला लाल कांदा

माझं सरळ मत आहे. मालिकांमधल्या सुनांना झोपायला मऊ गादी मिळते, पण दागिने काढून ठेवायला डबा काही मिळत नाही. दारात कुणी आलं की घरातल्या प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा दाखवतात. तेवढ्या वेळात आमच्याकडे पाहुण्याचा चहा पिऊन होतो. मुलीने सुचवलेली वेब सिरीज पाहिली, तर तिच्यात इतका अंधार की लाइट गेली समजून मी मीटर बघून आलो. आणि गाण्याच्या स्पर्धेत गाण्यापेक्षा परीक्षकांचं रडणंच जास्त.

ही मतं मी मनात ठेवली असती तर काही बिघडलं नसतं. पण ओझरच्या कारखान्यात सगळी नोकरी मशिनच्या आवाजावर आवाज चढवण्यात गेली, त्यामुळे माझं पुटपुटणंही शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू जातं. गंगापूर रोडवरच्या आमच्या हॉलमध्ये संध्याकाळी बायकोची मालिका लागली की मी सुरू व्हायचो. एकदा नायकाची गेलेली स्मृती परत आली. बायकोच्या डोळ्यांत पाणी. मी म्हणालो, "लेकाचा बायकोला विसरला, पण रोज मिशी कोरायची बरोबर लक्षात राहिली!"

ती उठली, चष्मा उचलला आणि म्हणाली, "बसा एकटेच बडबडत. मी शेजारच्या काकूंकडे बघते."

मला वाटलं, आजच्या दिवसाचा राग असेल. पण ती रोजच जायला लागली. निवृत्तीनंतर आम्ही दिवसभर एकाच घरात असतो हे खरं, पण तिचं भजनी मंडळ वेगळं, माझं फिरणं वेगळं. शेजारी शेजारी निवांत बसायचं ते या अर्ध्या तासात. तोच गेला. एकदा मी एकटाच मालिका लावून बसलो. एक झकास शेरा सुचला, तो मोठ्याने मारला, आणि हसायला कुणीच नव्हतं. फार वाईट वाटलं. शेवटी मी तिला शब्द दिला की मालिका चालू असताना ब्रसुद्धा काढणार नाही. "एकदा जरी बोललात, तर मी कायमची काकूंकडे," असं बजावून ती परत आली.

मी मूग गिळून बसायला लागलो. नेमकं तेव्हाच त्या मालिकेचं कथानक आमच्या जिल्ह्यात आलं. नायिका शेती करायला लागली. पैठणी नेसून ती कांदा काढायला बसली, तेव्हा मी उशी तोंडावर धरली. ऐन थंडीत, स्वेटर घातलेल्या गड्यांकडून तिने लालभडक कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, भरून घेतला. मग तिची जाऊ कांदा सडवायला पाण्याचा पाइप घेऊन निघाली. ढोल वाजायला लागले.

शेतीतलं मला काही कळत नाही. पण बायको विंचूरकडची, कांद्याच्या घरातली. ती एकदम उभीच राहिली. चिडली की तिच्या तोंडी माहेरची बोली येते.

"अहो, लाल कांदा कोणी चाळीत भरतं का? चाळीत उन्हाळी भरायचा! हा टिकत नाय, आपला आपणच सडतो. मग या बाईला पाणी मारायची काय गरज हाय? महिनाभर गप घरी बसली असती तरी काम झालं असतं! लय येडे लोक!"

हसू दाबता दाबता मला ठसका लागला, पण मी बोललो नाही. जाहिराती लागल्या तशी ती माझ्याकडे वळली.

"बोला ना काहीतरी."

मी ओठांवर बोट ठेवलं.

"तो शब्द घ्या बरं परत," ती माझ्याजवळ सरकून बसत म्हणाली. "तुम्ही गप्प झाल्यापासून मला ही मालिका नीट ऐकू येतेय. लय भिकार हाय हो."